शेजाऱ्याची गुप्तचर यंत्रणा वाढली म्हणून आपली वाढते का? मला नाही पटत

बाळीवेसकर
काल संध्याकाळी सोलापुरात चार पुतळ्यापाशी चहाला थांबलो होतो, तिथं मित्र म्हणाला की चीन, पाकिस्तान आपापल्या गुप्तचर यंत्रणा वाढवत सुटलेत, मग आपण पण माणसं, पैसा, अधिकार सगळं वाढवायचं, त्यात हिशोब कसला मागता. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, रात्री तारखा काढून बसलो.

पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआय १९४८ ची. चीन तिबेटमध्ये घुसला १९५० ला. म्हणजे दोघं समोर उभे होतेच, पण आपण बाहेरच्या देशांसाठी वेगळी यंत्रणा, म्हणजे रॉ, काढली २१ सप्टेंबर १९६८ ला. मधली एवढी वर्षं घरातलं पण आणि बाहेरचं पण आयबी हे एकच गुप्तचर खातं बघत होतं. ६२ ला चीनकडून मार खाल्ला, ६५ ला पाकिस्तानच्या तयारीचा नीट अंदाज आला नाही, मग आयबीचे तुकडे करून पहिले प्रमुख काव साहेब यांच्या हाताखाली रॉ उभी राहिली. कारगिल १९९९ ला झालं, त्यानंतर कुठं चुकलं ते बघणाऱ्या सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल आला आणि मग २००२ ला फौजेची गुप्तचर संस्था डीआयए, २००४ ला तांत्रिक टेहळणीची एनटीआरओ. दरवेळी हाच क्रम. समोरचा किती मोठा आहे यावर यंत्रणा वाढत नाही, आपण कुठं गाफील राहिलो ते लोकांना दिसलं की वाढते. आणि माझा खरा राग इथं आहे की जी चूक झाली ती कुणाची, का झाली हे बाजूला राहतं आणि नवीन ऑफिस, नवीन पाटी लागते.

माजीसैनिक_सोलापूर
तारखा बरोबर आहेत पण अर्थ चुकीचा काढला तुम्ही. मी कारगिलच्या वेळी फौजेत होतो, मला तिकडं पाठवलं नव्हतं, पण वर गेलेल्यांपैकी ओळखीची पोरं परत आली नाहीत म्हणून हा विषय माझ्यासाठी चहाचा नाही. तेव्हा घुसखोरांची पहिली खबर मेंढपाळांनी दिली. ही चूक कळली कशी? समोरच्यानं डाव टाकला म्हणून. तो नसता तर चूक पण नसती, मग प्रतिस्पर्ध्याला यातून बाहेर कसं काढता?

आणि हरल्यावरच वाढतो हे तर अजिबात खरं नाही. चीननं १६ ऑक्टोबर १९६४ ला लोप नोरला पहिला अणुस्फोट केला. त्यावर नजर ठेवायला १९६५ ला आयबी आणि अमेरिकेच्या सीआयएनं मिळून हिमालयातल्या नंदादेवी शिखरावर अणुऊर्जेवर चालणारं यंत्र बसवायचा प्रयत्न केला. हवामान बिघडलं, सामान वर ठेवून उतरावं लागलं, पुढच्या वर्षी गेले तर ते सापडलंच नाही. त्या वेळी आपली कुठली फजिती झाली होती? समोरच्याच्या हातात नवीन शस्त्र आलं, आपण बघायला गेलो, सरळ आहे.

यंत्रमागवाला
मी बाळीवेसकरांच्या बाजूनं पण वेगळं सांगालोय. आमच्या धंद्यात बगा, बाहेरगावचा माल सोलापुरी चादर म्हणून खपायला लागला तेव्हा बाजारात माल किती आलाय हे आम्हाला एजंट सांगायचा, आणि तोच एजंट म्हणायचा की माझं कमिशन वाढवा म्हणजे अजून माहिती आणतो. त्यानं आकडा कमी कशाला सांगावा की ओ? शत्रू किती मोठा हे जो मोजतो त्याचंच बजेट त्या आकड्यावर ठरतं, मुख्य भानगड ही आहे.

१९०९ ला इंग्लंडात असंच झालं. जर्मन हेर गल्लोगल्ली फिरालेत म्हणून पेपरात, कादंबऱ्यात नुसता गोंधळ उडाला होता, त्या भीतीतून सीक्रेट सर्व्हिस ब्युरो निघालं, त्याचेच पुढं घरचं बघणारं एमआय५ आणि बाहेरचं बघणारं एमआय६ झाले. खरे जर्मन हेर होते, पण अगदी थोडे. अमेरिकेत १९५७ ला रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि पुढची तीन-चार वर्षं रशियाकडं आपल्यापेक्षा लई जास्त क्षेपणास्त्रं आहेत म्हणून ओरड. १९६० ची निवडणूक त्याच्यावर गाजली. १९६१ ला उपग्रहाचे फोटो बघून परत मोजलं तर लांब पल्ल्याची १० ते २५!

माजीसैनिक_सोलापूर
मागवाले मालक, पण तो फुगा फोडला कुणी? सीआयएच्याच यू-२ विमानांनी आणि कोरोना उपग्रहानं. म्हणजे यंत्रणा वाढवली म्हणून खरा आकडा कळला, नाहीतर अंदाजावर अजून क्षेपणास्त्रं बांधत बसले असते. आपल्याकडं ६२ नंतर एआरसी काढली, विमानातून फोटो घ्यायला, कारण हिमालयापलीकडं काय चाललंय ते दिसतच नव्हतं. डोळे नसलेला माणूस जास्त घाबरतो हो.

आणि कापाकापी केली की काय होतं ते पण बघा. १९७७ ला मोरारजीभाई आले, रॉवर विश्वास नव्हता, बजेट आणि माणसं कमी केली, काव साहेब बाहेर पडले. बाहेरच्या देशातला सोर्स तयार व्हायला वर्षं जातात, तो एका सहीनं तुटतो आणि परत जुळत नाही.

नवीपेठ_वाचक
मोरारजींचा विश्वास का नव्हता ते पण लिहा ना दादा. ते स्वतः आणीबाणीत १९ महिने स्थानबद्ध होते. ज्या काळात यंत्रणा विरोधकांवर वापरल्या असा आरोप होता त्या काळातून तो माणूस आला होता, त्यानं डोळे झाकून पैसे द्यायचे का?

बाळीवेसकर ज्या चौकात चहा पीत होते तिथले चार पुतळे कुणाचे आहेत? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी. तेव्हाच्या सरकारच्या कागदावर शत्रू हे होते. आयबीची मुळं त्याच इंग्रज सरकारच्या १८८७ च्या खात्यात आहेत. मी आजच्या आयबीला इंग्रजांची म्हणत नाहीये, तिथली माणसं देशासाठी राबतात, पण शत्रूच्या यादीत कोण हे ठरवणारा बदलला की यादी बदलते एवढं या गावाला तरी सांगायला नको. पूर्व जर्मनीच्या स्टाझी या गुप्त पोलीस खात्यात १९८९ ला सुमारे ९१,००० नोकर होते, देश १ कोटी ६० लाखांचा, आणि पश्चिमेचा धोका सांगून वाढलेली ही फौज बरीचशी आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फाइली करत बसली होती.

विजापूररोड
वकिली करतो म्हणून कायद्याचं बोलतो. आयबी आणि रॉ यांना संसदेनं केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. माहिती अधिकारातून कलम २४ नं त्या बाहेर, भ्रष्टाचार आणि मानवी हक्क सोडून. २०११ ला खासदार मनीष तिवारींनी या यंत्रणांवर कायद्याची आणि संसदेच्या समितीची देखरेख असावी म्हणून खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढं गेलं नाही.

लोक म्हणतात शत्रू समोर असताना हिशोब मागू नका. १९७५ ला रशियाची गुप्तचर संस्था केजीबी ऐन जोरात असताना अमेरिकेच्या सिनेटनं चर्च समिती बसवून सीआयए, एफबीआय, एनएसए सगळ्यांची झडती घेतली आणि १९७६ ला देखरेखीसाठी कायमची समिती केली. ब्रिटननं एमआय५ साठी कायदा १९८९ ला केला, एमआय६ साठी १९९४ ला. त्यांना शत्रू नव्हते का?

बाळीवेसकर
नंदादेवीचं मला माहीत नव्हतं, तेवढं माझं म्हणणं मागे घेतो, मार न खाता पण यंत्रणा हात लांबवते. पण फौजी दादा, २६/११ चं काय? समुद्रातून हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी आल्या होत्या ना. माहिती होती, ती योग्य माणसाच्या टेबलावर पोचून हललीच नाही. तिथं अजून हजार माणसं भरून काय झालं असतं?

माजीसैनिक_सोलापूर
ते मान्य. माहिती या खात्यातून त्या खात्यात जाताना मरते हे मी पण बघितलंय, त्याला माणसं वाढवणं हा उपाय नाही. पण वकीलसाहेबांना हवी तशी देखरेख समिती आपल्याकडं केली, तिच्यात सतराशे साठ खासदार बसले आणि कुणी बाहेर आपल्या एका खबऱ्याचं नाव बोलला तर तिकडं सीमेपलीकडं एक घर उद्ध्वस्त होतं. ती भीती मला खरी वाटते.

विजापूररोड
नावं कुणी मागतच नाहीये. चार-पाच खासदार, गुप्ततेची शपथ, ऑपरेशन झाल्यावर तपासणी. आणि वर्षाचा एकूण खर्च किती तेवढा आकडा. अमेरिका २००७ पासून एकूण आकडा जाहीर करते.

माजीसैनिक_सोलापूर
एकूण आकड्यावरून पण समोरचा अंदाज बांधतो, एका वर्षात उडी दिसली की त्याला कळतं काहीतरी शिजतंय. तपासणी ठेवा, बंद खोलीत ठेवा. आकड्याला माझा विरोध कायम.