मदत हवी आहे: ८ एमएमचे जुने रोल सिनेमा कॅमेऱ्यावर घेताना चित्र धडधडतंय आणि खाली घसरतंय

हुरडापार्टी (सोलापूर):
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल पण सगळं एकदाच सांगतो. आमच्या आबांकडे म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांकडे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत १४ छोटे रोल निघाले, सगळे ५० फुटी, काही कोडॅकच्या पिवळ्या डब्यांत, काही नुसतेच रिळावर. आबा आता ८४ चे आहेत. तरुणपणी दर गड्ड्याला म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला हा माणूस होम मैदानावर डोळ्याला कॅमेरा लावूनच उभा असायचा म्हणे. मिरवणुकीतल्या मानाच्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, तलावाकाठची गर्दी, मधेच आजी दारात ज्वारी पाखडतीय आणि कॅमेरा बघून पदर सारखा करतीय, असं सगळं आहे त्यात. माणसं ओळखणारे घरात आता फक्त आबाच, म्हणून घाई.

आधी एका स्टुडिओवाल्याकडे दोन रोल दिले होते, त्याने भिंतीवर पाडून मोबाईलने शूट केलं आणि पेनड्राईव्ह हातात दिला, वर एका रोलला नवीन ओरखडा. मग म्हटलं आपलं आपणच करू की. माझं लग्नाच्या व्हिडिओचं काम आहे, ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के हा सिनेमा कॅमेरा घरात आहे, जुन्या बाजारातून सुपर ८ आणि साधं ८ असे ८ एमएमचे दोन्ही प्रकार चालणारा प्रोजेक्टर मिळाला, बेल्ट वितळून काकवी झालेला होता तो बदलला. आता प्रोजेक्टर सेकंदाला १८ फ्रेमला, कॅमेरा २५ ला, शटर १/५०, पडद्यावरून शूट. तर अडचणी अशा की
चित्र सतत धडधडतं, सेकंदाला चारेकदा उजेड कमीजास्त.
थांबवून बघितलं तर निम्म्या फ्रेममध्ये दोन चित्रं एकात एक मिसळलेली.
काही रोल नीट चालतात पण काहींचं चित्र सारखं खाली घसरतं आणि मशीन कट्कट् आवाज करतं.
बाराबंदी म्हणजे नुसता पांढरा डाग, घडी दिसत नाही का बंद दिसत नाहीत.
आणि दोन डब्यांना लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येतोय, ते काय आहे?
या कॅमेऱ्याला एक ट्रिगर एक फ्रेम अशी तार लावायची सोय नाही, नाहीतर तसंच केलं असतं. कुणी केलंय का असं?

टेपरेकॉर्डर:
धडधड सोपी आहे. प्रोजेक्टरच्या शटरला बहुतेक तीन पाती असणार, १८ गुणिले ३ म्हणजे सेकंदाला ५४ उघडझाप, तुमचा कॅमेरा १/५० वर २५ घेतो, ५४ आणि ५० मधले जे ४ उरतात तेच तुम्हाला दिसतायत. स्पीडचं बटण फिरवून १६ आणि दोन तृतीयांशला आणा, बरोबर ५० होतात, धडधड जाईल. पण चित्रं मिसळणं जाणार नाही, कारण १६ च्या वर फ्रेम २५ मध्ये बसवल्या की काही फ्रेम दोघांच्या मधे पडणारच. घरच्यांना दाखवायला चालेल, जपून ठेवायला नाही.

भिंगवाली:
थांबा थांबा, ते घसरणारे रोल आधी बंद करा. भिंग घेऊन बघा, भोक कुठंय? फ्रेमच्या कडेला मधोमध आणि बारीक असेल तर सुपर ८, दोन फ्रेमच्या सांध्यावर आणि मोठं असेल तर साधं ८.

हुरडापार्टी:
आयला. घसरणारे पाचही रोल सांध्यावरच्या भोकाचे आहेत. मी खटका सुपरवरच ठेवून चालवत होतो. रिळाच्या मधलं भोकही त्यांचं लहान आहे, मी म्हटलं दुसऱ्या कंपनीचं असेल.

भिंगवाली:
तेच. साधं ८ म्हणजे १९३२ चं, १६ एमएमची फिल्म दोनदा उलटसुलट चालवायची आणि धुतल्यावर मधून चिरायची, म्हणून भोकं १६ चीच मोठी राहिली. सुपर ८ आलं १९६५ ला, कार्ट्रिजमध्ये म्हणजे बंद डबीत. एका भोकापासून दुसरं साध्याला ३.८१ मिमीवर, सुपरला ४.२३ वर. तुमचा क्लॉ, म्हणजे फिल्म ओढणारा दात, दर फ्रेमला जवळजवळ अर्धा मिमी जास्त ओढत होता, कट्कट् आवाज त्याचा. भोकं फाटली नसतील तर देवाची कृपा.

आता मूळ प्रश्न. पडदाबिडदा काढून टाका, थेट गेटमधल्या (बल्बसमोरच्या खिडकीतल्या) फिल्मवर लेन्स लावा. बल्ब काढा, शटरची पाती काढा, मागे चांगल्या सीआरआयचा (रंग खरे दाखवणारा) एलईडी आणि दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. एलईडीला मंद करायचा स्वस्त डिमर लावू नका, पट्टे येतात. मोटर काढून गिअरची हळू डीसी मोटर बसवा आणि फिल्म सेकंदाला ५ फ्रेमने चालवा. कॅमेरा २५ लाच ठेवा, शटर १/२५० वगैरे. म्हणजे प्रत्येक फिल्मफ्रेमचे पाच फोटो, त्यातला एखादा हलताना पडेल, बाकीचे स्थिर. एकच ठेवायचा, बाकी फेकायचे, एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधलं एमपीडेसिमेट हे फिल्टर एकसारख्या फ्रेम गाळतं, हललेल्या मात्र डोळ्याने बघून काढा. ट्रिगरची गरजच नाही. सुपर ८ च्या ५० फुटात ३६०० फ्रेम, म्हणजे एक रोल १२ मिनिटं. साध्या ८ ला ४०००, थोडं जास्त.

टेपरेकॉर्डर:
लेन्सचं पण सांगा ना त्यांना, साध्या १:१ मॅक्रोने फ्रेम एवढीशीच दिसेल.

भिंगवाली:
हो. सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ बाय ४ मिमी, तुमचा सेन्सर १९ बाय १०. दुपटीने मोठं केलं की पुरे, अडीचपटीला उंची काठोकाठ भरते पण तेवढं जाऊ नका, थोडं भोक कडेला दिसू दे, नंतर रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या भोकालाच ट्रॅक करून चित्र स्थिर करता येतं. फोटो एन्लार्जरची ५० मिमी लेन्स मिळाली तर उलटी करून बेलोजवर (लांबवता येणाऱ्या घडीच्या नळीवर) लावा, दुपटीसाठी लेन्सपासून सेन्सर साधारण १५ सेंमी. आणि लेन्सचं छिद्र एफ/४ च्या आसपास ठेवा, एफ/११ ला नेऊ नका, एवढं मोठं करताना ते एफ/३३ सारखं वागतं आणि सगळं मऊ पडतं. बाराबंदीसाठी एक्स्पोजर हाताने, पांढरं वाचेल एवढंच, आयएसओ ४००, रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये). काळोख नंतर उचलता येतो, उडालेलं पांढरं परत येत नाही.

शेंगाचटणी:
मोटरीसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत जा की, यंत्रमागाचं काम करणारा कुठलाही मेकॅनिक तुम्हाला गिअर मोटर आणि कपलिंग बसवून देईल, चहाच्या पैशात. वासाचं म्हणाल तर तो व्हिनेगर सिंड्रोम, अ‍ॅसिटेट फिल्म सडायला लागली की अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल सडणं अजून वाढवतं. पत्र्याच्या पेटीत, आपल्या उन्हाळ्यात, माळ्यावर, अजून काय होणार. ते दोन डबे आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा, हवाबंद करू नका, आणि स्कॅनचा पहिला नंबर त्यांचाच.

हुरडापार्टी:
केले वेगळे, खालच्या खोलीत कपाटात. एक न वापरल्यासारखी कार्ट्रिज पण आहे, कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) लिहिलेली. धुवून मिळेल का?

टेपरेकॉर्डर:
रंगीत नाही. कोडाक्रोम धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससला होती, डिसेंबर २०१० नंतर त्यांनीही घेणं बंद केलं. आता फार तर ब्लॅक अँड व्हाइट निघतं.

हुरडापार्टी:
अपडेट, दहा दिवसांनी. मोटर बसली (चहाच्या पैशात नाही, ६०० गेले), एन्लार्जरची लेन्स एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काकांनी नुसतीच दिली, फिल्म आयसोप्रोपिल अल्कोहोलने मायक्रोफायबरवर हलकेच पुसून घेतली. आंबलेल्या दोनपैकी एक रोल कमानीसारखा वाकलाय, कडेला फोकस जातो पण मधलं छान आलं. दुसऱ्याचे शेवटचे वळसे चिकटलेत, ओढले नाहीत, पुण्याच्या फिल्म संग्रहालयात विचारून बघतो.

आता फजिती. पहिला रोल बघताना एका दुकानाची पाटी वाचता येईना, मी घरात सांगून मोकळा झालो की तेलुगू आहे, सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू वस्तीतलं दुकान असणार. धाकटी म्हणाली बाबा हे उलटं आहे. खरंच की, फिल्मची दुसरी बाजू कॅमेऱ्याकडे होती. आडवं फ्लिप केलं तर स्वच्छ मराठीत, भांड्याचं दुकान.

बाराबंदीच्या गाठी दिसायला लागल्या. रात्री आबांना १८ फ्रेमला लावून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, काठी एवढी पळत नसती रे, धरणाऱ्याचा पाय बघ. १६ ला आणलं. आता बरोबर, म्हणाले. तो साध्या ८ चाच रोल होता. बाकीच्यांचा वेग पण त्यांनाच विचारून ठरवतोय, ११ राहिलेत.