मदत हवी आहे: १/१२ मोटरसायकल मॉडेलच्या टाकीवर डिकलला (पाण्यात भिजवून लावायच्या पातळ स्टिकरला) चुण्या पडतात

टाकीचा रंगकाम भाग झाला आहे. पांढरा लॅकर, त्यावर ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर), मग हलकं पॉलिश. पृष्ठभाग गुळगुळीत आहे, त्यामुळे डिकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसण्याचा प्रश्न नाही.

अडचण रुंद लाल पट्ट्याची आहे. तो टाकीच्या खांद्यावर एकाच वेळी दोन दिशांना वळतो. मधला भाग छान चिकटतो, पण गुडघ्यासाठीचा खोलगट भाग सुरू होतो तिथे खालच्या कडेला चुण्या उभ्या राहतात. याच शीटवरचे मला गरज नसलेले डिकल एका जुन्या टाकीवर लावून पाहिले. डिकल मऊ करणाऱ्या मायक्रो सोल या द्रावणाचा फारसा परिणाम नाही, फिल्म जाडच आहे. मिस्टर मार्क सॉफ्टर या तशाच द्रावणाने बरीच मऊ पडते. वरून गरम पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा दाबला की जवळपास बसते, तरी टोकाला एक हट्टी घडी उरतेच.

पट्टा रंगवून का घेत नाही, असं विचाराल. त्याला केसाएवढी सोनेरी किनार आहे, मास्किंग टेपने ती माझ्याच्यानं होणार नाही. दुसरी डिकल शीट मिळत नाही, म्हणून खऱ्या टाकीवर प्रयोग नकोत.

छेद द्यावा लागणार हे उघड आहे. तो डिकल कागदावर असतानाच द्यायचा, की सॉफ्टरने मऊ झाल्यावर घडीच्या माथ्यावर नव्या ब्लेडने? आणि शेवटी एअरब्रशने लॅकर क्लिअर मारायचा आहे, तर छेदाची फट भरायला ॲक्रिलिक लाल वापरू की इनॅमल?