घरात युनिफॉर्म शिलाई सुरू करायचीय, झोनिंगची परवानगी कशी काढायची? (सोलापूर)

जुकीवाली:
नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं घर आहे, सोसायटीचा प्लॉट, खाली एक मोठी खोली रिकामीच पडलीय. बारा वर्षं एका युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर होते, आता स्वतःचं करायचंय, चार जुकी (कारखान्यातली शिलाई मशीन), कडा शिवायला एक ओव्हरलॉक आणि कामाला चार बायका, शाळेचे शर्ट पीस रेटवर. मावसबहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते आधी झोनिंग व्हेरियन्स, म्हणजे त्या भागाच्या नियमातून सूट, काढ मग मशीनला हात लाव, तिच्या नवऱ्याने तिकडे दुकानासाठी तेच केलं म्हणे. इथे ओळखीत विचारलं तर एक जण म्हणतो शॉप ॲक्ट काढा, झालं काम, दुसरा म्हणतो निवासी भागात कारखाना चालतच नाही. मशीन अजून आली पण नाहीत आणि शेजारच्या काकांची कटकट सुरू झालीय की आवाज होईल. आणि ओ, सोलापुरात इतक्या घरांत माग चालतात, त्यांना कोण विचारतं?

पूर्वभाग_वाला:
शेवटचं आधी सांगतो कारण मी त्याच घरातला. साखर पेठेत, दत्त नगरला खाली माग वर संसार हे आजोबांच्या काळापासून आहे, तिथे खटखट बंद पडली तरच झोप उडते. तो अख्खा भागच तसा वाढला. तुमचा लेआउट नवा, नियम लागल्यानंतरचा. आमच्याकडे बोट दाखवून तिथे सुटका होणार नाही ताई.

प्लॅन_पास:
मी नकाशे मंजुरीचं काम करतो, जरा लांबण लागेल.

व्हेरियन्स असा एक कागद आपल्याकडे नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि थोडे भाग सोडून राज्यात बांधकाम आणि जागेच्या वापराची एकच नियमावली आहे, यूडीसीपीआर. त्यात निवासी झोनचे दोन प्रकार, आर-वन आणि आर-टू, आणि तुमचा प्लॉट कशात बसतो ते मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर. दाट वस्तीत वेगळं माप, बाहेर वेगळं. आर-टू ला दुकानं, सेवा, छोटे उद्योग बरंच चालतं, आर-वन ला फार थोडं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, आणि मंजूर लेआउटमध्ये रस्ता किती मीटरचा ते बघा. टेप लावून मोजू नका, लोकांनी रस्त्यातच बागा केलेल्या असतात.

आर-वन निघाला तर घरगुती व्यवसाय ही एक वाट आहे. शिलाई भरतकाम त्यात बसतं पण अटी नीट वाचा. घरात राहणाऱ्या माणसांनीच करायचं, पगारी कामगार नाही, बाहेर पाटी नाही, तिथे जे बनतं तेच विकायचं, आणि यंत्रं घरात साधारण असतात तशीच. तुमच्या चार बायका आल्या की तुम्ही यातून बाहेर.

सवलत म्हणून जे आहे ते असं की खरी अडचण असेल तर आयुक्त लेखी आदेशाने मापांमध्ये सूट देऊ शकतात, मार्जिन (इमारतीभोवती सोडायची जागा) वगैरे. वापर बदलायला ते कामाचं नाही. प्लॉटचा झोनच बदलायचा तर एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याचं कलम 37, म्हणजे महापालिकेचा ठराव, राजपत्रात नोटीस, महिनाभर हरकती, मग फाईल शासनाकडे. चार जुकीसाठी कुणी ह्या वाटेला जात नाही आणि तुम्ही पण जाऊ नका.

बांधकाम केलं नाही म्हणजे परवानगी नको हा पण गैरसमज. इमारतीचा वापर बदलला तरी कायद्यात ते डेव्हलपमेंटच. आणि शॉप ॲक्टवाल्याचं ऐकू नका, तुमच्यासारखे मोजकेच कामगार असतील तर ती नुसती ऑनलाइन सूचना असते, पावती मिळते. त्या पावतीने जागेचा वापर कायदेशीर होत नाही. उद्यम नोंदणीचं (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पण तेच, बँकेला दाखवायला चांगली.

सोसायटीची एनओसी विसरू नका. उपविधीत फक्त राहण्यासाठी लिहिलं असेल तर झोन काहीही असो, भांडण घरातच.

परदेशी_सोलापूरकर:
बहिणीचं चुकीचं नाही, न्यू जर्सीत तसंच आहे. अर्ज केला की 200 फुटांच्या आतल्या घरमालकांना नोटीस द्यायची, मग बोर्डापुढे उघडी सुनावणी, आणि जागेचा वापरच बदलायचा असेल तर बोर्डाची 5 मतं बाजूने लागतात. शेजारी उठून काय वाट्टेल ते बोलतात. तुमचे काका तिकडे असते तर पहिल्या रांगेत.

पूर्वभाग_वाला:
एक राहिलं, मीटर. घरगुती मीटरवर कामाची मशीन चालवली आणि महावितरणचं पथक आलं तर वीज कायद्याचं कलम 126 लागू शकतं, म्हणजे ज्या वर्गाचा दर लागायला पाहिजे होता त्याच्या दुप्पट, आणि कधीपासून चालू ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. आमच्या गल्लीत झोनमुळे बंद पडलेला कुणी आठवत नाही, बिलामुळे बसलेले दोघं आहेत. मालमत्ता कर पण बिगरनिवासी होतो, तो हिशोब शर्टाच्या दरात आधीच धरा.

जुकीवाली:
दाखला मिळाला, आर-वन. लेआउटमध्ये रस्ता साडेसात मीटर. आमच्या ह्यांनी तरी टेप लावलाच, साडेसहा भरला, आणि काकांचं तुळशीवृंदावन बरोबर रस्त्याच्या हद्दीत निघालं 😄 तेव्हापासून काका गप्प आहेत, मी पण विषय काढला नाही.

ठरवलंय असं की घरी फक्त मी आणि जाऊबाई, दोन साधी मशीन, सँपल आणि मापाची कामं. चार बायका आणि जुकी अक्कलकोट रोडला भाड्याच्या गाळ्यात. भाडं ऐकून पोटात गोळा आला पण तिथे औद्योगिक मीटर आधीच आहे. प्लॅन_पास दादा, गाळा घेताना मालकाकडून काय काय कागद मागू?

प्लॅन_पास:
मंजूर नकाशा, भोगवटा दाखला (इमारत मंजुरीप्रमाणे पूर्ण झाली, वापरायला हरकत नाही असा महापालिकेचा कागद), कराची चालू पावती, आणि भाडेकरारात वापर काय ते स्पष्ट लिहून घ्या. विजेवर चालणारं वर्कशॉप नव्याने टाकायला महापालिकेची लेखी परवानगी लागते, गाळ्यात आधी कुणी काढली होती का ते विचारा, आणि असली तरी तुमच्या नावाने वेगळी काढा. भोगवटा दाखला नाही म्हणाला तर ॲडव्हान्स देऊ नका, दुसरा गाळा बघा.