विषय: अक्षरकार्डांचा क्रम – बुधवार रात्रीपर्यंत सांगा

मेधा:
मंडळी, आपल्या रविवारच्या मराठी वर्गाची अक्षरकार्डं गुरुवारी छापायला देतेय, २६ संच. सुरुवात र, ग, म, न अशी ठेवलीय, क-ख-ग-घ नाही. मागच्या सत्रात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अख्खा क-वर्ग संपवून पोरांना वाचता काय येतं? 'खग'. र-ग-म-न घेतलं की पहिल्याच रविवारी गरम, नरम, मगर, नगर. इथे इंग्लंडच्या शाळांतही ए-बी-सी-डीच्या क्रमाने कुठे शिकवतात? एस-ए-टी-पी-आय-एन घेतात आणि थोड्याच दिवसांत पोर 'पिन' वाचतं. हरकत असेल तर आत्ताच बोला, छापल्यावर नको.

नंदूकाका:
हरकत आहे. वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. घसा, टाळू, मूर्धा, दात, ओठ. आपली पोरं ताटाला 'टाट' म्हणतात, कारण इंग्रजीतला टी धड ट नाही आणि धड त नाही. ट-ठ-ड-ढ-ण आणि त-थ-द-ध-न पाठोपाठ घोटून घेतल्याशिवाय कान तयार होत नाही. ऐकू न आलेलं अक्षर वाचणार कसं? २०१६ साली मी तक्ता केला होता, तो हॉलच्या कपाटात आहे. नवीन खर्च कशाला?

विनया:
काका, त्या तक्त्यावर ङ आणि ञ पुढे कोरे चौकोन आहेत. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "मावशी, इथलं चित्र पुसलं का?" :) बाकी कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? दिवाळीपासून शोधतेय.

सुहास:
किल्ली माझ्याकडे नाही, मी फेब्रुवारीतच दिली.

क्रमाचं काय ते ठरवा, पण वेलांटीचं बघा. धाकटी यिअर वनला आहे. जूनमध्ये त्यांची फोनिक्सची, म्हणजे आवाज जोडून वाचण्याची, तपासणी असते, ४० शब्द, त्यातले २० खोटे, अर्थ नसलेले, खोट्यांशेजारी एलियनचं चित्र. त्यामुळे घरी डावीकडून एकेक आवाज जोडायचा सपाटा चालू आहे. मी कौतुकाने मराठीत 'पिन' लिहून दिलं. तिने बोट वेलांटीवर ठेवलं. इ. मग प. मग न. "इपन. बाबा, हा एलियन शब्द आहे का?" आता हिचं चुकलं कुठे? आपण लिहितो आधी, म्हणतो नंतर. म्हणून आधी काना, मग दुसरी वेलांटी, पहिली सगळ्यात शेवटी. बाराखडीत 'कि' तिसरा येतो म्हणून तिसऱ्या रविवारी घेऊ नका.

मेधा:
सुहास, पटलं. वेलांटी लाल रंगात वेगळी दाखवणार होते, ते काढते. लाल दिसली की पोरं आधी तीच वाचणार. 'पि' अख्खा एका रंगात, एकच अक्षर म्हणून.

शुभदा:
पीडीएफ आत्ता उघडली. ल आणि श हिंदीतले आलेत!! २००९ च्या शासन निर्णयात स्पष्ट आहे, ल पाकळीचा, श देठाचा. आजीने पाठवलेल्या पुस्तकात एक ल आणि कार्डावर दुसरा. आमच्या मुलाला गेल्या वर्षी ती दोन वेगळी अक्षरं वाटायची, ल आणि "पुस्तकातला ल".

नंदूकाका:
शुभदाशी सहमत. माझ्या तक्त्यावरचा ल बरोबर आहे. हाताने काढलाय, फॉन्टच्या भरवशावर नाही.

मेधा:
फॉन्ट बदलला, नवी फाईल तासाभरात टाकते. क्रम र-ग-म-न राहील. काका, वर्गाची पहिली दहा मिनिटं तुमची. तोंडी वर्णमाला, ताट-टाटसकट, पुस्तक न उघडता. तक्ताही लावू, कपाट उघडलं तर.

विनया:
म्हणजे किल्ली कुणाकडेच नाही?

नंदूकाका:
दहा मिनिटांत अक्षरांचे पाच वर्ग होत नाहीत. पंधरा हवीत. आणि नव्या फाईलमध्ये ळ कुठे गेला?