‘साजरा’ की ‘पाळला’?

बोरूबहाद्दर: १९ ऑगस्टच्या पत्रकाचं भाषांतर करतोय. मसुद्यात ‘जागतिक मानवतावादी दिन साजरा करण्यात येतो’ असं आहे. २००३ साली याच तारखेला बगदादच्या कॅनाल हॉटेलातल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला, इराकमधले त्यांचे विशेष प्रतिनिधी सेर्जिओ व्हिएरा दे मेल्लो यांच्यासह २२ जण गेले. ‘साजरा’ कानाला टोचतं. ‘पाळला’ लिहावं तर म्हणतात, पाळतात ते सुतक.

काना_मात्रा: ‘साजरा’ मुळात विशेषण, म्हणजे देखणा. दुरून डोंगर साजरे! म्हणून दिन साजरा, पण जयंती साजरी. पाळण्यात नियम असतो: पथ्य, मौन, बंद. १९ ऑगस्ट पाळायचाच.

उकार: मग १४ जूनचं काय? रक्तदाता दिन म्हणजे रक्तगट शोधणाऱ्या लँडस्टायनरचा जन्मदिवस, आणि हेतू रक्तदात्यांचे आभार मानण्याचा. तो ‘पाळला’ म्हणालात तर दात्याला वाटेल, आपण गेलोच. १ डिसेंबरचा एड्स दिन तर दोन्हीकडे बसतो, गेलेल्यांची आठवणही आणि जगणाऱ्यांना साथही.

शुद्धमती: ‘साजरा’ फारसी ‘साज’वरून आलाय. टाळलेलाच बरा.

काना_मात्रा: ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही, शुद्धमतीताई. आणि फारसी निघाला तरी काय बिघडलं? ‘तारीख’ कुठून आली?

कात्री: क्रियापदच गाळा. ‘जागतिक क्षयरोग दिनानिमित्त तपासणी’ म्हटलं की भागलं. २४ मार्च १८८२ला रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्यात साजरं करायचं की पाळायचं हा वादच उरत नाही. फक्त ‘दिनाच्या दिवशी’ लिहू नका. आणि जागतिक-आंतरराष्ट्रीय यांची अदलाबदल नको: ७ एप्रिलचा आरोग्य दिन जागतिक, १२ मेचा परिचारिका दिन आंतरराष्ट्रीय.

उकार: मला तर ‘मानवतावादी’च खटकतो. मानवतावाद हा विचार झाला. औषधांचा ट्रक घेऊन जाणारा ‘वादी’ कसा?

शुद्धमती: ‘मानवीय’ लिहा.

उकार: तो हिंदी वळणाचा. शिवाय मराठीत ‘मानवी मदत’सारखा वाचला जाईल.

कात्री: ‘मानवतावादी मदत’ बातम्यांत रुळलंय, आता उपटून काय मिळणार? त्याहून महाग पडणारी चूक पुढेच आहे. रेड क्रॉसच्या तत्त्वांत निःपक्षपात आणि तटस्थता वेगळी आहेत. निःपक्षपात म्हणजे जखमी कुठल्या बाजूचा हे न पाहता गरजेप्रमाणे मदत. तटस्थता म्हणजे लढाईत बाजू न घेणं. दोन्हींना ‘तटस्थ’ लिहिलं की एक तत्त्व गळून पडतं.

काना_मात्रा: तीच गत ‘सभा’ आणि ‘परिषद’ची. जिनिव्हात मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेची भरते ती जागतिक आरोग्य सभा. तिथे सदस्य देश मतदान करून ठराव करतात. ‘परिषद’ लिहिलंत तर बर्लिनच्या आरोग्य शिखर परिषदेशी गल्लत होते, आणि त्या बर्लिनच्या परिषदेचे निर्णय कुणावर बंधनकारक नाहीत.

शुद्धमती: ‘सभा’ म्हटलं की लोकांना प्रचारसभा आठवते.

काना_मात्रा: लोकसभाही आठवते!

बोरूबहाद्दर: ‘निमित्त’ घातल्यावर मथळा दोन ओळींत जातोय. नुसतं ‘जागतिक मानवतावादी दिन, १९ ऑगस्ट’ चालेल?

कात्री: चालेल. ‘दिवस’ मात्र करू नका, ‘दिन’च ठेवा.

उकार: थांबा, ‘मानवतावादी’चं कुठे ठरलंय?