‘द इंग्लिश पेशंट’ : हिरोशिमा वगळल्यावर किपचं काय उरलं?

वाटसरू :
परवा ‘द इंग्लिश पेशंट’ पुन्हा पाहिला. मायकल ओंडात्जे यांची कादंबरी १९९२ची, अँथनी मिंगेलाचा सिनेमा १९९६चा, नऊ ऑस्कर मिळालेला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा भारावून गेलो होतो. या वेळी आधी कादंबरी वाचली, मग सिनेमा लावला, आणि शेवटाला मला चक्क राग आला.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४५, इटली, फ्लोरेन्सजवळचा बॉम्बने खिळखिळा झालेला वाडा. तिथे नाव न सांगणारा, पार होरपळलेला एक पेशंट, त्याची शुश्रूषा करणारी कॅनडाची नर्स हॅना, अंगठे छाटले गेलेला काराव्हाज्जो, आणि ब्रिटिश फौजेत सुरुंग निकामी करणारा शीख सॅपर किरपाल सिंग, म्हणजे किप. हॅना आणि किप एकमेकांच्या प्रेमात पडतात. सगळे ज्याला इंग्रज समजतात तो पेशंट खरं तर हंगेरियन वाळवंट-संशोधक अल्माशी. दुसऱ्याच्या बायकोवर, कॅथरिनवर, त्याचा जीव जडलेला.

कादंबरीत ऑगस्ट उजाडतो आणि किपच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये हिरोशिमाची बातमी येते. ज्या पेशंटबरोबर कंडेन्स्ड मिल्कचा डबा वाटून खाल्ला, त्याच्याच पलंगापुढे तो रायफल रोखून उभा राहतो. इंग्रजांची चाकरी नाकारून तुरुंगात गेलेला थोरला भाऊ त्याला तेव्हा कळतो. वर्दीवरची चिन्हं उपटून तो मोटरसायकलवर निघून जातो. आधीची सगळी पानं या एका दुपारकडे चाललेली आहेत.

सिनेमात काय? युद्ध संपल्याच्या जल्लोषात त्याचा सहकारी हार्डी स्फोटात मरतो, किप दुःखाने दार लावून बसतो, पुढे त्याची बदली होते. संपलं. संतापलेल्या माणसाचा नुसता शोकाकुल प्रियकर करून टाकला. आपल्याकडच्या माणसाचं म्हणणं असं कापलेलं मला सहन होत नाही.

रानजाई :
वाटसरू, तुमचा राग समजला, पण पटला नाही. पावणेतीन तासांच्या आत कादंबरीतलं सगळं बसत नाही. मिंगेलाने अल्माशी आणि कॅथरिन कणा म्हणून निवडले. अशा सिनेमात शेवटच्या पंधरा मिनिटांत अणुबॉम्ब आणला असता तर तो आगंतुक वाटला असता.

शिवाय राजकारण गेलंय कुठे? जखमी कॅथरिनला गुहेत ठेवून अल्माशी वाळवंट तुडवत मदत मागायला येतो आणि परकं नाव ऐकून ब्रिटिश सैनिक त्यालाच बेड्या घालतात. मग तो जर्मनांना नकाशे देतो, तिच्यापर्यंत परत जायला मिळावं म्हणून. त्या नकाशांपायी माणसं मेली, आणि अंगठे गमावलेला काराव्हाज्जो समोर बसून त्याचा जाब विचारतो. प्रेमापायी केलेली फितुरी माफ करायची का, हा प्रश्न राजकीय नाही?

आणि कादंबरीतलं एक वाक्य मला वाचतानाही खटकलं होतं. गोऱ्या राष्ट्रावर असा बॉम्ब कधीच टाकला नसता, असं काराव्हाज्जोच्या मनात येतं. जर्मनीने मे १९४५मध्येच शरणागती पत्करली होती, पहिली अणुचाचणी झाली ती १६ जुलैला. हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन गोऱ्यांचीच शहरं होती, ती जाळताना कुणाचा हात थरथरला? मिंगेलाने हे गाळलं, त्यात मला शहाणपण दिसतं.

माणगावकर :
मी कादंबरी वाचलेली नाही, सिनेमा पाहिलाय. पण एक सांगावंसं वाटतं. इटलीच्या त्या लढाईत आपल्या तीन डिव्हिजन होत्या, चौथी, आठवी आणि दहावी. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेताना ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नगरकडच्या नामदेव जाधवांनी तोच सन्मान मिळवला.

पडद्यावर फेटा बांधलेला सॅपर दिसला तेव्हा माझा ऊर भरून आला होता. तो भडकून निघून गेला असता तर मला आवडलं असतं की नाही, खरंच ठरवता येत नाही. ही माणसं मनापासून लढली, हेही खरंच आहे ना?

वाटसरू :
माणगावकर, मनापासून लढली हे शंभर टक्के खरं. किपही मनापासूनच लढतो. लॉर्ड सफोक नावाच्या इंग्रजाने त्याला बॉम्बचं काम शिकवलं, त्या माणसावर त्याची माया आहे. म्हणून तर दुखावला जातो! मनात द्वेषच असता तर रायफल उचलताना इतकं कोसळायला झालं नसतं.

रानजाई, तुमचा तारखांचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण ती पात्राची भावना आहे, इतिहासकाराचा निष्कर्ष नव्हे. १९४३ला बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेलेली आहेत, भाऊ तुरुंगात आहे, अशा किपने त्या दिवशी तारखांचा हिशेब करावा का?

आणि मॅडॉक्सचं काय? कादंबरीत अल्माशीचा हा मित्र इंग्लंडमध्ये चर्चमध्ये बसलेला असताना पाद्री युद्धाचे गोडवे गायला लागतो आणि मॅडॉक्स तिथेच स्वतःला गोळी घालून घेतो. राष्ट्रांपायी गेलेला माणूस. सिनेमात तो मरतो मित्र हेर निघाला म्हणून. दोन्ही ठिकाणी बदलाची दिशा एकच आहे. राष्ट्रावरचा आरोप काढायचा आणि तिथे मैत्री नाहीतर प्रेम ठेवायचं.

रानजाई :
मॅडॉक्सचा बदल माझ्या लक्षात आला नव्हता. तो मात्र मलाही टोचला.

तरी किप नुसता शोकाकुल प्रियकर उरला, हे मी मानणार नाही. सिनेमातलाच प्रसंग आठवा. इंग्रज साम्राज्याची तरफदारी करणाऱ्या किप्लिंगची ‘किम’ ही कादंबरी वाचताना शब्द घशात अडकतात, असं तो पेशंटला तोंडावर सांगतो. त्या कादंबरीच्या सुरुवातीला येणारी लाहोरची तोफ घराघरातली भांडी वितळवून ओतली आणि पुढे आमच्याच लोकांवर डागली, हेही सांगतो. तुमचा संताप तिथे आहे, फक्त हळू आवाजात. आणि केस धुताना हॅना त्याला ऑलिव्हचं तेल आणून देते, तो प्रसंग किपची भूमिका करणारा नट नवीन अँड्र्यूज असा करतो की त्या माणसाचा एकटेपणा मला कादंबरीतल्या कितीतरी पानांपेक्षा जास्त कळला.

वाटसरू :
तेलाचा प्रसंग सुंदरच आहे, त्यावर वाद नाही. पण तुम्ही शेवटचं पान पुन्हा वाचा. कितीतरी वर्षांनी किरपाल भारतात डॉक्टर आहे, बायको-मुलांबरोबर जेवायला बसलाय. तिकडे दूर हॅनाच्या खांद्याचा धक्का लागून कपाटातला पेला निसटतो, आणि इकडे किरपाल मुलीच्या हातून सुटलेला काटा जमिनीच्या इंचभर वर झेलतो. रागाने तोडून गेलेला माणूस असा हात पुढे करतो, म्हणून तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सिनेमातल्या किपने काही तोडलेलंच नाही. त्याला हा काटा झेलायला कसा लावणार?