खड्डा इक्वलायझरने भरत नाही
‘घरात स्पीकरचा बास (खालचे, जड सूर) जिथे कमी पडतो तिथे इक्वलायझरने (ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) वाढवा’ हा सल्ला मला पटला नाही. उंचवटा, म्हणजे खोलीमुळे जास्त घुमणारा सूर, कापायला इक्वलायझर उत्तम, पण खड्डा, म्हणजे खोलीमुळे हरवणारा सूर, त्याने भरत नाही. बेळगावात शहापूरला आमचं जुनं दगडी घर, हॉल 14 फूट लांब. तेवढ्या लांबीत साधारण 40 हर्ट्झची (सेकंदाला 40 कंपनांची) आवाजाची लाट दोन भिंतींमध्ये अडकते आणि बरोबर मध्यावर तिचा दाब जवळजवळ शून्य होतो, म्हणजे तिथे ती ऐकूच येत नाही. सोफा नेमका तिथेच! इक्वलायझरने तो सूर 6 डेसिबल वाढवून पाहिला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून चौपट ताकद मागितली. सोफ्यावर काही फरक नाही, स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पितळी डबे मात्र थरथरायला लागले.

शेवटी सोफा दोन फूट मागे सरकवला आणि हरवलेला बास आला. मग 80 हर्ट्झचा उंचवटा तेवढा कापला. आधी जागा बदलून बघाच, इक्वलायझर नंतर.